आबांची चिमूट

कोयनानगरजवळच्या खोल बोअरमधून निघालेला दगड कुटून मी कराडच्या प्रयोगशाळेत दोन ताटल्या मांडल्या होत्या. दोन्हीत तीच साधी रसायनं आणि पाणी, पण दगडाची भुकटी एकीतच. तापवायचं, सुकवायचं, परत भिजवायचं. पृथ्वीवर जीव नव्हता तेव्हा अशा दगडावर रेणूंच्या साखळ्या आपोआप जुळल्या असतील का, एवढंच बघायचं होतं. त्यापायी माझी उमेदीची वर्षं गेली आणि आटपाडीच्या पाहुण्यांनी माझ्या लग्नाचा नाद सोडला.

सांगलीच्या दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी आबा आईला घेऊन बघायला आले. मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस. ताटलीवर वाकून म्हणाले, "उत्कर्षा, ह्यातनं जीव निघतुया व्हय?"

"जीव न्हवं आबा, त्येच्या आदीचं. ही भुकटीची माझी खरी ताटली. हात तेवढा लावू नका."

"न्हाई लावत."

मी चहा सांगायला बाहेर गेले.

पुढं साखळ्या सापडल्या, त्याही फक्त दगडाच्या ताटलीत. दुसरी कोरी. माझ्या मार्गदर्शक संयोगिता मॅडमनी निबंध लगेच छापायला पाठवला. आबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. नुसते हसले. त्याच आठवड्यात गेले.

दिवसकार्य उरकल्यावर आई पाहुण्यांना सांगत होती, "पोरीला यश आलं ते बिरोबामुळं. ह्यांनी ताटलीत चिमूटभर भंडारा सोडला की. हात न्हाई लावला, वरनंच सोडला."

भंडारा म्हणजे हळद. हळद म्हणजे जित्या झाडाचा कंद. मग त्या साखळ्या दगडानं जुळवलेल्या की हळदीतनं आलेल्या, कुणी सांगावं? आबांचा असा राग आला की भांडावं कडाकडा, आणि भांडायला माणूसच उरला नव्हता.

मी वाड्याबाहेर जाऊन मॅडमना फोन केला. त्यांनी ताटलीतला उरलेला साका तपासायला घेतला. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. हळदच निघाली होती.

"निबंध मागं घेते. कारण काय लिहू?"

"ताटली उघडी टाकून मी बाहेर गेले, एवढंच लिहा."

आई मागं येऊन उभी होती. "बाई काय म्हणल्या गं?"

"परत पयल्यापासनं करायचं."

तिनं आबांच्या भंडाऱ्याच्या पिशवीची गाठ सोडली आणि माझ्या कपाळाला बोट लावलं. "कर की मग. ह्ये न्हाईत, तर ह्या बारीला मी येते चिमूट सोडायला."

नको म्हणायला मी तोंड उघडलं. तिच्या बोटांवर ती हळद तशीच होती.

"ये," मी म्हणाले. "तुज्यासाठी तिसरी ताटली मांडते."