आधी मामांना बाजूला कर

एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला विनीता दोनदा बसली आणि दोन्ही वेळा एकाच जागी आपटली. गणितात ती कुणाला ऐकायची नाही. पण इंग्रजीतली वाक्यदुरुस्ती आली की वीसपैकी सात, फार तर आठ. घमापूरच्या क्लासमधले श्रीरंग सर म्हणायचे, "जे वाक्य कानाला बरं वाटतं, ते टिक कर." विनीताचा कान घरात मराठीवर आणि शाळेत हिंदीवर वाढलेला. त्याला इंग्रजीची पाचही वाक्यं सारखीच गोड लागत.

ती रिछाईच्या एका कारखान्यात डिस्पॅचला कामाला होती. रविवारी दुपारी ती पुस्तक उघडून अंगणात बसली आणि थोड्या वेळानं तेच पुस्तक डोक्यावर उपडं ठेवून बसली.

"काहून गं, ऊन लागून राहिलं का?" बाबांनी विचारलं. गुलाबराव संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तीस वर्षं सुटे भाग तपासत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

"बाबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही. राहू द्या."

"मराठीत सांग ना मग."

विनीतानं वैतागून चुकीचं वाक्य जसंच्या तसं मराठीत केलं, "नागपूरच्या मामांनी पाठवलेली आंब्यांची पेटी आज पोचले."

बाबा खो-खो हसले. "पोचले? अगं, पेटी पोचली म्हण!"

"मराठीत कळतंच हो! इंग्रजीत पेटी राहते तिकडे, मधे आंबे येतात, मामा येतात, नागपूर येतं. क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर पेटी कोणाला आठवते?"

"मग आधी मामांना बाजूला कर," बाबा म्हणाले. "आमच्याकडे माल ग्रीस फासून यायचा. ग्रीसवरून कोणी माप घेते का? आधी पुसायचं, मग माप. पोचलं कोण, तेवढंच बघ."

विनीतानं पेन्सिल घेतली. मामा खोडले, आंबे खोडले, नागपूर खोडलं. उरली पेटी आणि तिचं क्रियापद, समोरासमोर. तिनं पुढचं वाक्य पुसलं, त्याच्या पुढचंही. दहापैकी नऊ बरोबर! तिनं पुस्तक हवेत उडवलं, ते तुळशीत पडलं.

आवाज ऐकून कुसुमबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "काय चालू आहे?"

"आई, आता दुसरी चूक ऐक. 'कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन बाबा जेवायला बसले.'"

कुसुमबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीन शिट्ट्यांत काय होते यांचं! पाच लागतील."

मग काय विचारता! शिट्ट्या कोणाच्या आणि जेवण कोणाचं, हे दोन्ही एकाच माणसाला चिकटलं की वाक्य फसतं, हे आईला एका दमात समजलं आणि तिला ऊत आला. "रात्रभर पाण्यात भिजून लतानं उसळ केली," ती म्हणाली. लता म्हणजे तिची धाकटी बहीण, महाराजपूरची. बाबांनी लताच्या नवऱ्यावर पुढचं टाकलं, "उन्हात वाळून मुरलीधर पापड घेऊन आला." भिजलेली मावशी आणि वाळलेला मावसा डोळ्यांपुढे येऊन तिघं इतकी हसली की शेजारच्या मनीषादीदी भिंतीवरून डोकावल्या, "अरे, क्या हुआ भई?" कुसुमबाईंनी नुसतं पिठाचं बोट नवऱ्याकडे केलं.

महिनाभर घरात हेच. सकाळी पेपर, दुपारी औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, लग्नपत्रिका, जे हाती लागेल ते पुसून तपासलं जाई. गुलाबरावांना इंग्रजीची एबीसीडी तेवढी यायची; पण विनीतानं अर्थ सांगितला की ते बोट ठेवत, "हा सुटा भाग इथं बसून नाही राहिला."

परीक्षेच्या दिवशी संगणकासमोर ती शांत बसली होती. पहिली सहा वाक्यं सरळ गेली. सातव्यात लिहिलं होतं की जोरजोरात भुंकून प्राचार्यांनी कुत्र्याला बांधलं. विनीतानं ओठ चावले, ओढणी तोंडात कोंबली, तरी फसकन हसू फुटलंच.

पर्यवेक्षिका धावत आल्या. "मैडम, तबीयत ठीक है?"

"जी... एकदम ठीक," ती कशीबशी म्हणाली. डोळे पुसले, भुंकणं कुत्र्याकडे दिलं आणि पुढे गेली.

शेवटचं बटण दाबताच गुण पडद्यावर आले. वाक्यदुरुस्ती, वीसपैकी एकोणीस. एकूण गुण तिला हव्या त्या कॉलेजला पुरून उरतील इतके. तिनं ते तीनदा वाचले आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली.

"आम्ही नाही येत, तुला टेन्शन येते," असं सकाळी सांगणारे आईबाबा समोरच्या मिठाईच्या दुकानात बसलेले! तेव्हापासून चार-चार चहा झाले होते.

"बाबा! हो गया! झालं! आय हॅव..." पुढचं कोणत्याच भाषेत आलं नाही.

गुलाबराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले आणि शेजारच्या अनोळखी गिऱ्हाईकाला मिठी मारून मोकळे झाले. कुसुमबाईंनी थेट कढईपाशी जाऊन जाहीर केलं, "भैया, मेरी बेटी पास हो गई! जितने लोग खड़े हैं, सबको खोये की जलेबी!"

सोळा माणसं उभी होती. एकानं तर पळत जाऊन भावाला बोलावून आणलं. खव्याच्या जिलबीच्या पाकानं बरबटलेल्या हातांनी विनीता हसत होती, आई तिला आणखी एक भरवत होती, आणि बाबा दुकानभर फिरून ज्याला त्याला सांगत होते, "एकोणीस! वीस में उन्नीस!"