रुसवा नावाचं चीज

आमच्या घरात नावं कुणी बसून ठेवली नाहीत, ती आपोआप पडली. डुगडुगणाऱ्या स्टुलाला सगळे 'भावजी' म्हणत, कारण धाकटे दीर त्यावरून पडले होते. दुधाचं मोठं पातेलं म्हणजे 'सासरा', हलता हलायचं नाही. आणि आमच्या चीजला 'रुसवा' म्हणतात, कारण एका थंडीत माझ्या थोरल्या नणंदबाई रुसल्या.

वन्संनी लग्न केलं नव्हतं. तळघरातलं निम्मं चीज त्यांच्या हातचं. जात्याच्या तळीएवढी गोल चाकं फळ्यांवर मुरत ठेवायची आणि रोज उलटायची, नाहीतर ओल खाली उतरून चाक बसतं. मामंजींचा कडक नियम होता: ज्यानं साच्यात भरलं, त्यानंच उलटायचं. दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही.

एकदा बाजारात कुणीतरी वन्संच्या चीजचं कौतुक केलं. मामंजी मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आमच्या मुलाच्या हातचं आहे." वन्सं तिथेच तराजूपाशी उभ्या होत्या. घरी आल्या, हात धुतले आणि वर जाऊन बसल्या.

"आता मुलालाच उलटू द्या," एवढंच बोलल्या.

ह्यांनी तळघराकडे पाय वळवले, तशा सासूबाई म्हणाल्या, "नियम तुझ्या बापाचा आहे. लावून बघ हात." मामंजींनी नियम मोडला नाही, मुलीची समजूतही काढली नाही. बाप तशी लेक. थंडी सरेपर्यंत ती फळी तशीच राहिली.

चाकं बसली. खाली जाड काळपट साल धरली, वर लोण्यासारखी मऊ राहिली. मामंजी म्हणाले, "जनावरांना घाला." तेवढ्यात कोपऱ्यावरची खाणावळवाली आली. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला.

"हे कसलं म्हणायचं?"

"रुसव्याचं," सासूबाई म्हणाल्या.

"मग अर्धा रुसवा बांधा."

पुढच्या बाजारापासून मामंजींना लोक विचारू लागले, "रुसवा आहे का?" आणि त्यांना म्हणावं लागे, "आहे." तेव्हा मिशीवर हात फिरत नसे. वन्सं शेजारी उभ्या राहून वजन करत. हसत नसत, पण तराजू मात्र झुकता धरत.

वन्सं जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण दर थंडीत एक फळी आम्ही अजून मुद्दाम न उलटता ठेवतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलानं शहरातल्या बड्या दुकानाचा खरेदी-अधिकारी घरी आणला. टेबलावर नव्या वेष्टनाचा नमुना ठेवला. वर मामंजींचा मिशीसकट फोटो, खाली सोनेरी अक्षरांत 'आजोबांची परंपरा'.

"रुसवा कुठे गेला?" मी विचारलं.

"आजी," अधिकारी गोड आवाजात म्हणाला, "रुसवा वाचून गिऱ्हाइकाला वाटेल माल बिघडलाय."

"बिघडलाच होता. म्हणून तर झाला."

"पण धंदा आजोबांनीच काढला ना?"

"काढला. आणि हे चीज जनावरांना घाला म्हणाले. तेही छापा मिशीखाली."

सूनबाईनं पदर तोंडाशी नेला. मुलगा म्हणाला, "आई, आत जा बरं जरा."

"नाही जात. तुझ्या आजोबांच्या नावाचं घर आहे, दुकानाची पाटी आहे, तू स्वतः त्यांचं आडनाव लावतोस. तुझ्या आत्याच्या वाट्याला काय आलं? साधं नावसुद्धा नाही, एक राग आला. तो तरी राहू दे."

"आत्यालाही आवडलं असतं, एवढ्या मोठ्या दुकानात..."

"आत्याला काय आवडायचं नाही, ते तिनं एका थंडीत सांगितलंय."

अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. नावाचं जमलं तर कळवा म्हणाला, बॅग उचलली. मुलगा त्याला पोचवून परतला तो लालबुंद होऊन.

"एवढं मोठं गिऱ्हाईक घालवलंस."

"घालवलं."

"एका नावापायी."

"नावच मागायला आला होता तो," मी म्हटलं. "चीज मी देतच होते."