शेवटच्या तंबूतला चहा

"मोठ्या ताई कुठायत?"

गाडीतून उतरता उतरताच डबलबेलने विचारलं. एक पाय अजून पायरीवर, काखेत घरून आणलेली उशी. डबलबेल म्हणजे बसमधली निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली तरी तिचा हात अजून घंटीच्या दोरीवरच आहे, असं बाकीच्या म्हणत आणि त्यावरूनच तिचं हे नाव पडलं होतं.

छोटीने उत्तर तयार ठेवलं होतं. पहाटेपासून ती तेच घोळवत होती. आई दोन महिन्यांपूर्वी गेली, तुमची नावं तिने आधीच घेतली होती, म्हणून हे एवढं शेवटचं शिबिर. साधी तीन वाक्यं. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"तिला जरा बरं नाहीये. पडलीये तंबूत."

चुलीपाशी मावशीच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला.

छोटी म्हणजे मोठ्या ताईंची एकुलती एक मुलगी. पंचेचाळिशी गाठली तरी घरात ती छोटीच होती. एका मोठ्या कचेरीत ती वर्षानुवर्षं फोनवर बसत आली होती. साहेब जागेवर नाहीत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब आत्ताच बाहेर पडले. साहेब समोर पेपर वाचत बसलेले असले तरी हे सांगताना तिचा आवाज कधी अडखळला नव्हता. माणूस आहे की नाही हे सरळ न सांगण्याचाच तिला पगार मिळे. आज जिभेने सवयीने आपलं काम केलं, इतकंच.

"ताप आहे का?" मागून उतरलेल्या नर्सने लगेच विचारलं. "मी बघू का आत जाऊन?"

"आत्ताच डोळा लागलाय."

"मग राहू दे. झोप आली की निम्मं दुखणं उतरतं." नर्सने आवाज खाली आणला. तिचं बघून सगळ्यांनीच आणला. गाडीतून सामान उतरलं ते मांजरपावलांनी.

तळ्याच्या काठाने तंबूंची रांग होती. जाड कापडाचे जुने तंबू, सुती दोऱ्या, आणि रांगेच्या टोकाला, जांभळाखाली, आईचा तंबू. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात आई सबंध आयुष्य रेक्टर होती. रविवारीसुद्धा बायकांना झोपायला मिळत नाही हे तिने तिथे पाहिलं आणि निवृत्त झाल्यावर ही जागा भाड्याने घेऊन बायकांसाठी विसाव्याची शिबिरं सुरू केली. नियम मोजकेच. इथे कुणी कुणाला उठवायचं नाही. कुणी स्वयंपाकाला हात लावायचा नाही. आणि नवरा काय करतो, मुलं कुठे आहेत, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

"झालं समाधान?" स्वयंपाकाच्या शेडमध्ये आल्यावर मावशी म्हणाली. मावशी नात्याची नव्हे, पण वसतिगृहापासून आईबरोबर राहिलेली स्वयंपाकीण. "जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. आता?"

"जेवताना सांगते."

"सांग बाई. मला मधे घेऊ नकोस. मला खोटं पचत नाही, लगेच पित्त होतं."

जेवताना सांगायचं राहिलं. नणंद-भावजयीची जोडी रंगात आली होती. दोघी दरवर्षी येत, एकाच तंबूत राहत आणि अखंड एकमेकींना टोमणे मारत.

"घरी नाही का हो भांडता येत?" नर्सने विचारलं.

"घरी वेळ कुठे असतो?" भावजय म्हणाली. "हिच्या भावाचे डबे, हिच्या आईची औषधं. इथे कसं निवांत भांडता येतं."

"आणि इथे जिंकतं कोण?"

"जी आधी झोपते ती," नणंद म्हणाली.

सगळ्या हसल्या आणि लगेच टोकाच्या तंबूकडे बघून गप्प झाल्या. भावजयीने उठून कपात चहा ओतला, वर बशी झाकली आणि छोटीच्या हातात दिला. "ताईंना नेऊन द्या. बिनसाखरेचा आहे, मला माहितीये."

आता चहा घेऊन जायलाच हवं होतं. छोटीने तंबूचा पडदा उचलला, आत शिरली आणि मागे पडदा सोडला.

आत सगळं तसंच होतं. खाट, घडी घातलेलं पांघरूण, ट्रंक, खुंटीला लोकरी टोपी. आईच्या अंगाला येणारा निलगिरीचा वास कापडात मुरला होता. छोटी ट्रंकेवर बसली. चहा ओतून द्यायला आत जागा नव्हती, म्हणून तिने तो प्यायला. बिनसाखरेचा चहा तिला कधीच आवडला नव्हता. ती खाटेकडे बघत घोट घोट पीत राहिली आणि रिकामा कप घेऊन बाहेर आली.

"प्यायल्या ना?" भावजयीने विचारलं.

"हो."

"बरं झालं. पोटात काहीतरी गेलं."

सकाळी नणंद म्हणाली, "ताई उठल्या होत्या वाटतं. काल संध्याकाळी मी आडवी झाले, तर दोरीचा आवाज आला. नेहमीसारखा. टण्ण. मग मला काही चिंता नाही, गाढ झोपले."

 सुती दोरी दवाने आखडते आणि खुंट्या उपटते. म्हणून आई रोज दिवेलागणीला रांगेत फिरून प्रत्येक दोरी बोटाने वाजवून बघे, ढिली करे, आणि सकाळी ऊन आलं की पुन्हा ताणे. काल हे काम छोटी साफ विसरली होती. ती उठून रांगेतून फिरली. प्रत्येक दोरी ढिली करायची लाकडी पट्टी खाली सरकवलेली होती, अगदी जितकी हवी तितकी.

"मावशी, दोऱ्या तू सोडल्यास?"

"मी?" मावशी कांदा चिरत होती. "माझे गुडघे वाकतात का तेवढे?" मग सुरी थांबवून तिने टोकाच्या तंबूकडे बघितलं. "तू काल सांगितलंस ना, आत पडलीये म्हणून. झालं तर मग."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलले?"

तो सबंध दिवस तंबूभोवती वस्तू साठत गेल्या. पडद्यापाशी कुणी रानफुलं ठेवली, कुणी पायमोजे. नर्सने गोळ्यांची पट्टी ठेवली आणि कधी घ्यायच्या ते छोटीला दोनदा बजावलं. तळ्यावर जाताना बायका टोकाच्या तंबूला वळसा घालून, चपला हातात घेऊन जात. आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवणारी बाई एकदाची झोपली आहे, तिला जाग येऊ नये, एवढाच सगळ्यांचा प्रयत्न. आणि छोटी कप घेऊन आत जाई, कप रिकामा करून बाहेर येई. तिसऱ्या कपाला तिच्या लक्षात आलं की आत जाताना आपण खाकरतो. चौथ्याला ती ट्रंकेवर बसण्याआधी क्षणभर थांबली, कुणी "बस" म्हणेल म्हणून. उशीला मधे खळगा होता. सकाळी होता का, ते तिला आठवेना. तिने उशीला हात लावला नाही.

दिवस कलू लागला तशी शेकोटीची तयारी सुरू झाली. शिबिराची शेवटची संध्याकाळ.

"आज लाकडं तिकडे न्या," डबलबेलने हुकूम सोडला. "ताईंच्या तंबूसमोर. त्यांना बाहेर येता येत नाही, तर आपण जाऊ. चला, पुढे सरका, पुढे सरका."

नको म्हणायला छोटीला कारण सुचलं नाही. साहेब मीटिंगमध्ये आहेत हे काही इथे चालणार नव्हतं. लाकडं पेटली. पडद्यावर ज्वाळांचा उजेड हलू लागला, आणि पडदाच आतून हलतोय असं वाटू लागलं.

"ताई, ऐकताय ना?" डबलबेल तंबूकडे तोंड करून बोलू लागली. "तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. पहिल्या वर्षी मी आले ना, तेव्हा नुसती झोपून होते. जेवायलाही उठले नाही. वाटलं, आता ही बाई येऊन हाका मारणार, उठा, चार घास खा, सगळ्यांत मिसळा. तुम्ही आलात, ताट झाकून ठेवलंत आणि गेलात. थंड झालं की गरम आणून ठेवलंत. हाक नाही मारलीत." तिने नाक पुसलं. "मला जन्मात कुणी तसं झोपू दिलं नव्हतं."

छोटी लाकडं सारखी करत होती. घरी आई तिला उजाडायच्या आत उठवी. सुट्टीतसुद्धा, आजारपणातसुद्धा. पांघरूण ओढून. ताट झाकून ठेवणारी ही बाई कोण होती?

"आमचंही तेच," भावजय म्हणाली. "ताई, या नणंदेशी बोलायला मी इथे शिकले."

"भांडायला," नणंद म्हणाली.

मग सगळ्या थांबल्या. बोलून झालं होतं, आता तंबूतून काहीतरी यायला हवं होतं. एखादा शब्द, निदान खोकला. लाकूड तडतडलं. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर होत्या. आणि छोटीला कळलं, आपणही श्वास धरून बसलोय. आपणही वाट बघतोय.

"ती नाहीये," ती म्हणाली.

आवाज कचेरीतलाच आला, सपाट आणि स्वच्छ. "आई आत नाहीये. आई गेली. दोन महिने झाले. तुम्ही उतरलात तेव्हाच सांगायचं होतं. मी खोटं बोलले."

 मावशीने पदराचा बोळा तोंडाला लावला. नणंदेने न बघताच भावजयीचा हात धरला. नर्स उठली, पडदा बाजूला करून आत डोकावली आणि पडदा पुन्हा हळूच सोडला, जसं आत कुणी असावं.

भावजयीने विचारलं, "मग चहा कोण पीत होतं?"

"मी."

"बिनसाखरेचा?"

"हो."

"अगं, मग सांगायचं ना. साखर घातली असती."

यावर छोटीला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना. स्मशानातही ते आलं नव्हतं. नर्सने तिची नाडी बघितली, खालची पापणी ओढून बघितली. "शेवटची कधी झोपलीस?"

"झोपते की."

"खोटं बोलायचं नाही ठरलंय ना आता?"

छोटी नको नको म्हणत राहिली. आईच्या जागी कुणी झोपू नये, भांडी पडलीत, सकाळी गाडी लवकर निघायचीय. डबलबेलने तिला दंडाला धरून आत नेलं आणि खाटेवर बसवलं. "गाडीचं मी बघते. बेल दिल्याशिवाय गाडी हलत नसते."

उशीच्या खळग्यात तिचं डोकं बरोबर बसलं. झोप लागता लागता तिने ऐकलं. टण्ण. मग जरा जवळ. टण्ण. मग अगदी कानाशी.

जाग आली तेव्हा कापड उन्हाने पिवळं झालं होतं. ती धडपडत उठली. पडद्याबाहेर झाकलेलं ताट होतं. तळ्याकाठी बायका सामान बांधून बसल्या होत्या, कुजबुजत बोलत. गाडीवाला तोंड पाडून उभा होता आणि डबलबेल गाडीच्या दारात आडवी.

"मावशी, उठवलं का नाहीस?"

"नियम कुणी केलाय?" मावशी म्हणाली. "जेव आधी."

छोटीचं लक्ष दोऱ्यांकडे गेलं. "काल दोऱ्या सोडल्या कुणी?"

"आपल्या डबलबेलने. परवाही तिनेच. ताई आजारी, म्हणून म्हणे आपण करू. बघून बघून शिकलीये."

"या तंबूच्याही?"

"नाही गं. रात्री इकडे कुणी फिरकलंच नाही. ती म्हणाली, पोरीला जाग येईल."

 छोटीने तंबूभोवती फिरून बघितलं. आईच्या तंबूच्या सगळ्या दोऱ्यांच्या पट्ट्या खाली सरकवलेल्या होत्या, जितक्या हव्या तितक्या.

ऊन दोऱ्यांवर आलं होतं. ती वाकली आणि एकेक दोरी ताणत गेली. ताणली की बोटाने वाजवी आणि पुढच्या दोरीला हात घालण्याआधी थोडा वेळ थांबे. तळ्याकाठी बायका सामानापाशी बसून होत्या. कुणीही घाई करत नव्हतं.