लाल पट्ट्याची झाडं

मला राग येतो. लवकर येतो आणि उशिरा जातो. हे माझ्या बायकोचं मत आहे आणि शेतकी खात्यातल्या माझ्या वरिष्ठांचंही. पण त्या उन्हाळ्यात खर्डीजवळच्या माळावर जे झालं, ते बघून एखाद्या थंड डोक्याच्या माणसानेही स्वतःचे केस उपटले असते, हे मी पैजेवर सांगतो.

विलायतेत लढाई सुरू झाली, त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. मी, कमळाकर पोतनीस, मूळचा मुरबाडचा. पुण्याला शेतकी शिकलो, खात्यात असिस्टंट म्हणून चिकटलो आणि शहापूरला नेमला गेलो. माझ्या डोक्यात एकच खूळ होतं, आंब्याची गळ. मोहोर येतो झाडभर. फळ धरतं ज्वारीच्या दाण्याएवढं, मग वाटाण्याएवढं, मग गोटीएवढं, आणि एके सकाळी बघावं तर झाडाखाली नुसता खच. कोणी म्हणे वाऱ्याने पडलं, कोणी म्हणे नजर लागली. माझं म्हणणं वेगळं होतं. फळ पडत नाही, झाड ते टाकतं. जमिनीतली ओल संपली की झाड आधी स्वतःचा जीव बघतं आणि देठाच्या सांध्याशी फळाला सोडून देतं. अशा वेळी त्याला थोडं पाणी मिळालं तर तेच फळ पिकेपर्यंत टिकेल. मला हे दिसत होतं, पण मला दिसून काय उपयोग? सिद्ध करायला हवं होतं.

पौषात मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत बैल बघत फिरताना धर्माची गाठ पडली. धर्मा खर्डीच्या बाजूचा भातशेतीवाला माणूस. त्याच्या माळावर त्याच्या बापाने लावलेली बारा रायवळ आंब्याची झाडं होती, एका वयाची, एका ओळीत. मला हवी होती तशीच. मी त्याच आठवड्यात जाऊन झाडं पाहिली आणि मोठ्या साहेबांना पुण्याला लिहिलं. साहेबांनी प्रयोगाला हो म्हटलं, वर एक वचनही दिलं. पाण्याने गळ थांबते असं सिद्ध झालं, तर खातं त्याच माळावर नमुन्याची बाग करील आणि बागेसाठी पक्की विहीर बांधील.

मी हे वाडीवर जाऊन सांगितलं, तेव्हा धर्माची बायको धोंडूबाई हातातली कामं टाकून पुढे आली. त्या वाडीच्या बायका ओढ्यावरून पाणी आणत. उन्हाळ्यात ओढा आटला की वाळूत झरा खणायचा, त्याच्या कडेला बसून राहायचं आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. धोंडूबाईची सगळी तरणी वर्षं त्या वाळूत गेली होती.

"विहीर म्हंजे, आमालापन पानी भेटंल?" तिने विचारलं.

"सगळ्यांना मिळेल. पण आधी हे सिद्ध व्हायला हवं."

"व्हईल. का नाय व्हनार?" ती म्हणाली, आणि शेजारच्या सकुबाईला हाका मारायला धावली.

मी बारापैकी सहा झाडांच्या बुंध्याला चुन्याचा पांढरा पट्टा ओढला आणि सहांना गेरूचा लाल. पांढऱ्यांना पाणी घालायचं, लालांना एक थेंबही नाही. पाणी वाहायला धोंडूबाई आणि सकुबाई यांना खात्याकडून मजुरी लावली. दोघींना मी समोर उभं करून सगळं समजावलं. लालांना पाणी का घालायचं नाही, तेही सांगितलं. दोघींनी माना डोलावल्या. मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे, हे मला पुण्याच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

पहिली कटकट वेगळीच निघाली. तिकडच्या रीतीप्रमाणे पडीचा आंबा ज्याला सापडेल त्याचा. झाड कोणाचंही असो. पहाटे अख्खी वाडी टोपल्या घेऊन झाडाखाली हजर, आणि मी खर्डीत प्रयोगापुरत्या घेतलेल्या बिऱ्हाडातून चालत पोचेपर्यंत जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ. आता गळ मोजू कशी? मी ओरडलो, विनवलं, एकदा तर एका म्हातारीच्या हातची टोपली ओढून घेतली. शेवटी धोंडूबाईनेच तोडगा काढला. पडलेल्या कैऱ्या त्या झाडाच्या बुंध्याशी ढीग घालून ठेवायच्या, मी मोजायच्या, मग वाडीने आंबोशी करायला वाटून घ्यायच्या. हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

तक्रार आकड्यांची होती. पांढऱ्या झाडांखाली कैऱ्या कमी पडत होत्या, हे बरोबरच होतं. पण लाल झाडांखालीही कमीच पडत होत्या! खर्डीच्या रस्त्याला लागून असलेली आंब्याची झाडं धडाधड फळ टाकत होती. त्यांच्याखालचा खच तुडवत मी रोज यायचो. त्यातला निम्मा तर कोणी उचलतही नव्हतं, जागीच कुजून त्यावर माशा घोंगावायच्या. आणि इकडे कोरडी ठेवलेली माझी सहा झाडं गुमान फळ धरून उभी. मी मुळं उकरून पाहिली नाहीत, कारण मुळाला धक्का लावला तर प्रयोगच बिघडला असता. खोडं पाहिली, पानं पाहिली. लाल झाडांच्या आळ्यात पालापाचोळा जरा जास्त दिसायचा, तो वाऱ्याने आला असेल असं धरून चाललो. मग वाटलं, पांढऱ्यांना पाणीच कमी पडतंय. फरक दिसायला हवा तर पाणी वाढवलं पाहिजे. म्हणून मी दोघींना पांढऱ्यांसाठी आणखी एक खेप करायला सांगितलं.

धोंडूबाईने सकुबाईकडे पाहिलं. सकुबाईने कमरेवर हात ठेवून एक मोठा सुस्कारा टाकला. "करू," ती म्हणाली.

पाणी वाढलं, तरी फरक पडेना. मला जेवण जाईना. बायको म्हणाली, आंब्यांनी तुम्हाला वेड लावलंय. मी तिच्यावरही ओरडलो.

वैशाखात मोठे साहेब पाहणीला यायचं ठरलं. त्या दिवशी मी जरा लवकरच माळावर पोचलो. निदान जमिनीतला फरक तरी दाखवावा, कोरडी माती आणि ओली माती साहेबांच्या हातात द्यावी, असा विचार होता. आता फळं तयार होत आली होती, मुळांची फारशी फिकीर नव्हती. खुरपं घेऊन एका लाल झाडाच्या आळ्यातला पाचोळा सारला आणि हातभर खणलं. माती ओली होती. दुसऱ्या लाल झाडाखाली खणलं. तिथेही ओली. मुठीत दाबली तर लाडू वळावा इतकी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "धोंडूबाई!" मी अशी हाक मारली की दोघी हंडे टाकून धावत आल्या. "या झाडांना पाणी कोणी घातलं?"

"आमीच," धोंडूबाई म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. "तुमी सांजचं खर्डीला गेले का मंग घालतो."

"मी नको म्हणालो होतो ना?"

"म्हनाले व्हते," ती म्हणाली. "पन भाऊसाहेब, एका पंगतीत बसवलीत ना ही झाडं? एकाच्या पानात वाढायचं आनि शेजारच्याला नुसता बघत ठेवायचा, असा कुठं असतंय का? आमच्यानं नाय झाला. आनि त्याची मजुरी नाय लावली आमी. ते आमचं आमी."

"वर पाला पन घातला," सकुबाई म्हणाली. "ओल ऱ्हावी म्हून."

"आनि बारा झाडं धरली तर साहेब जास्ती खूश व्हईल का सहा धरली तर?" धोंडूबाईने मला विचारलं, अगदी समजूत घालावी तसं. "जास्ती आंबा बघला का विहीर लौकर देईल."

मी कपाळ बडवून घेतलं. म्हणजे मी खेप वाढवली तेव्हा या दोघींनी आणखी एक खेप लालांसाठीही वाढवली होती. आटत चाललेल्या झऱ्यातून, वाटीवाटीने! तोंडाला येईल ते मी बोललो. तुम्ही सगळ्याचा सत्यानाश केलात, म्हणालो. महिन्यांची मेहनत मातीत घातलीत, म्हणालो. आणि रागाच्या भरात शेवटी म्हणालो, "आज साहेब माझी नोकरी घालवतील! तुमच्यामुळे!"

हे खरं नव्हतं. नोकरी जाण्यासारखं काही नव्हतं. पण बोललो. दोघींचे चेहरे पांढरे पडले. तेवढ्यात ओढ्यापलीकडून साहेबांची बैलगाडी दिसली, आणि मी टोपी सारखी करत पुढे गेलो.

साहेब शांत माणूस. त्यांनी बाराही झाडं फिरून पाहिली, फळांनी वाकलेल्या डहाळ्या पाहिल्या, माझे आकडे वाचले.

"फरक नाही," ते म्हणाले.

"साहेब, लाल झाडांनाही पाणी मिळालंय. मला आजच कळलं. म्हणून फरक नाही. रस्त्यालगतची झाडं बघा, सगळी गळाली आहेत."

"ती जमीन वेगळी, झाडं वेगळी. तुलना या बारांचीच, असं तुम्हीच लिहिलं होतं. लालांना पाणी कोणी घातलं?"

मी धोंडूबाईकडे बोट केलं. "बाई, सांगा साहेबांना."

धोंडूबाईने पदर सावरला. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला धीर देणं होतं.

"नाय साहेब," ती म्हणाली. "भाऊसाहेबांनी पक्का मना केला व्हता. आमी लालांना एक थेंब नाय घातला. देवाची आन."

"धोंडूबाई! खरं सांगा! आत्ता मला सांगितलंत ना?"

"भाऊसाहेब लय चांगले हायेत," ती साहेबांना म्हणाली. "त्यांची काय चूक नाय."

"अहो, विहीर जाईल! खरं बोला, नाहीतर विहीर जाईल!"

मी इतका ओरडलो की साहेब माझ्याकडे वळून बघायला लागले. धोंडूबाईला वाटलं, मी साहेबांपुढे भ्यायलोय. ती आणखी ठाम झाली. मी साहेबांना ओली माती उकरून दाखवली, तर सकुबाई लगेच म्हणाली, "तिथं आमच्या म्हशी बसतात, साहेब." साहेबांना हसू आलं.

मग ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. हळू आणि सभ्यपणे. ते म्हणाले, प्रयोग फसला तर त्यात कमीपणा नाही. पण निष्कर्ष मनासारखा आला नाही म्हणून अडाणी बायकांना धमकावून साक्ष बदलायला लावणं मात्र मला आवडलं नाही. ही झाडं पाण्यावाचून फळ धरतात, हे तुमचेच आकडे सांगतात. जिथे पाण्यावाचून भागतं तिथे खातं विहीर का बांधील? ती आपण दुसऱ्या तालुक्याला देऊ. एवढं म्हणून ते गाडीत बसले. मी तिथेच उभा राहिलो. 

गाडी ओढ्याकडे उतरली. धोंडूबाई हसत हसत जवळ आली. "सुटलात ना भाऊसाहेब? मी बोलली ना सकूला, आपन नाय मरू देयाचा भाऊसाहेबांना. आता विहीर कुठं खनायची ती जागा दावा. झाडझुडूप असंल तर आमी आजच काढतो."

"विहीर गेली, धोंडूबाई."

"कुठं गेली?"

मग मी तिला सांगितलं. ओरडून नाही, ओरडायचं त्राण उरलं नव्हतं. पांढरी झाडं तगली आणि लाल सुकली असती, तर साहेबांना पाण्याची किंमत कळली असती. दोन्ही सारखी तगली, म्हणून साहेबांना वाटलं, इथे पाण्याची गरजच नाही. आणि त्यांना खरं सांगायची वेळ होती तेव्हा तुम्ही शपथ घेतलीत.

ती ऐकत राहिली. समजायला तिला वेळ लागला नाही. मी हेच तिला मोहोर होता तेव्हा सांगितलं होतं. आज तिला ते कळलं, एवढंच. "म्हंजे आमी पानी घातला म्हून पानी गेला?" ती म्हणाली.

मी होय म्हणालो.

तिने कासोटा खोचला आणि धावत सुटली. पन्नाशीची बाई, अनवाणी, त्या तापल्या माळावरून. मी तिच्या मागे. ओढ्याच्या वाळूत गाडीचं चाक रुतलं होतं आणि गाडीवान बैलांना हाकत होता, म्हणून आम्ही गाठली. धोंडूबाईने गाडीच्या दांडीला हात घातला.

"साहेब, खोटं बोलली मी! आमीच घातला पानी! रोज सांजचं घातला! हे बघा, हंड्यांनी सोललेलं खांदं बघा माझं!"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे धापा टाकत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडलो तरी असतो.

"पोतनीस," ते म्हणाले, "इतक्या लवकर पढवलंत?"

चाक सुटलं. गाडी पलीकडची चढण चढून खर्डीच्या रस्त्याला लागली. धोंडूबाई वाळूत उभी राहून ओरडत होती, आमीच घातला, बारांनाही घातला, आमीच घातला. तिला गप्प बसवायला मला जमलं नाही. तेवढंच एक वाक्य तिने बोलावं, म्हणून सकाळपासून मी घसा फोडत होतो.