बसलेल्या फिटरांची किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. सरकारी कारखान्याच्या कँटीनमध्ये माझा जन्म गेला. रूप म्हणाल, तर बुडाला तीन पोचे आणि कानाला बांधलेली चिंधी. पण बाराशे कामगारांना चहा माझ्यातलाच लागे.

मला सांभाळणाऱ्या मावशींचा नवरा तिथेच यंत्रं दुरुस्त करणाऱ्या फिटरांचा मिस्त्री होता. त्याचे तीस फिटर सगळ्यांच्या आधी येत, प्रत्येक यंत्राला तेलपाणी करत, कान लावून आवाज ऐकत. त्यामुळे दिवसा काही मोडतच नसे. मग दहाच्या सुमारास ते माझ्याभोवती बसून एकमेकांची यथेच्छ टिंगल करत. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

पुढे सरकारने कारखाना विकला. नव्या मालकाचा एक साहेब वही घेऊन कँटीनमध्ये आला आणि अगदी गोड बोलला. मावशी हुरळून गेल्या. नवऱ्याच्या कामाबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"आमच्या फिटरांचं काम बघा साहेब," त्या म्हणाल्या. "यंत्र बंद पडतच नाही. तासन्‌तास इथे निवांत बसलेले असतात."

साहेबाने शेवटचं वाक्य तेवढं लिहून घेतलं.

महिन्याभरात पंचवीस फिटर घरी गेले. त्यांच्याबरोबर मिस्त्रीही गेला. शेवटच्या दिवशी तो चहाला आला.

"आम्ही नुसते बसून असतो, असं कागदावर आलंय. कुणी सांगितलं कोण जाणे."

मावशींनी मला खाली ठेवलं. "मीच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुमचं काम चांगलं आहे, एवढंच."

तो चहा न पिताच उठला.

उरलेल्या पाच जणांना यंत्रं आवरेनात. यंत्र बंद पडलं, की त्यावरचे कामगारही घरी. बाराशेचे चारशे झाले, कँटीन बंद झालं आणि मावशी मला घरी घेऊन आल्या.

मित्रांनो, मला रोज घासा असं मी म्हणत नाही. पण कुणी निवांत बसलेला दिसला, तर सकाळपासून त्याने काय केलं, ते त्याला आधी विचारा. मावशींना मात्र काही विचारू नका. परवा शेजारीण आली होती. तिचं शिलाई मशीन अडलं होतं. "तुमचे मिस्त्री चांगलं दुरुस्त करतात ना हो?" तिने विचारलं.

मिस्त्री आतल्या खोलीत रिकामाच बसला होता. मावशी घाबरून म्हणाल्या, "मला नाही बाई माहीत."