नानाला

मी बोलतेय ती दारावरच्या खिळ्यावरून. कुवेतमधल्या सालमियाच्या या फ्लॅटात शिराल तर चपला काढताना मान जरा वर करा, म्हणजे दिसेन. मी एक पानांची टोपी. वर टोकदार, खाली पसरट, उलटी धरली तर शेरभर चणे सहज मावतील अशी. आलागेला म्हणतो, छान शोपीस आहे हो. शोपीस म्हणे! मी ऊन प्यायलेय बाबांनो, नुसती भिंत नाही धरली.

माझा जन्म व्हिएतनामचा. ताडाची कोवळी पानं दवात पांढरी केली, तापल्या लोखंडावर सपाट केली आणि बांबूच्या कड्यांवर एका म्हातारीनं मला शिवलं. मग काठीला माझ्या बहिणींसोबत बांधून हायफाँग नावाच्या बंदराच्या गावी विकायला नेलं.

तिथंच मला दिनकर भेटला. हर्णैचा पोरगा, कुवेतच्या मालवाहू बोटीवर खलाशी. बोट धक्क्याला लागली आणि त्याला संध्याकाळपर्यंत गाव बघायची मोकळीक मिळाली. बोटीवरचा आचारी इद्रीस त्या गावाचा जुना माहीतगार, पण त्या दिवशी बोटीवर त्याच्या कामाची पाळी होती. म्हणून दिनकर एकटाच उतरला. पुढचं सगळं मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आता ते माझंच वाटतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलमोहर असा फुलला होता, की आभाळानं मळवट भरावा. सायकलीच सायकली, पण गलका नाही. नुसती चाकांची सळसळ आणि वर पाकळ्यांची भुरभुर. बायकांच्या टोप्यांवर पाकळ्या साचायच्या, त्या तशाच पुढे निघून जायच्या. दिनकरला वाटलं, आपण जागे नाहीच, डेकवर दोरखंडाला टेकून डोळा लागलाय आपला. झाडाखाली एकीनं त्याला चहा ओतला. तो "बस, बस" म्हणत गेला, ती हसत हसत ओतत गेली. तिच्या भाषेत बस म्हणजे आणखी असावं. देवळात धूप वळत वळत वर चालला होता. देव कोणता ते कळेना, तरी त्यानं हात जोडले. हात जोडायला ओळख कशाला लागते?

सकाळपासून ओळखीचा एक शब्द कानी पडला नव्हता. नदीकाठच्या बाजारात शिरला आणि गर्दीतून साद आली.

"नानाला... नानाला..."

दिनकर जागीच थिजला.

नाना म्हणजे त्याचे वडील. एकेकाळी स्वतःच्या गलबताचे तांडेल. त्याच गलबतावरून थोरला मुलगा हरिश्चंद्र वादळात गेला, तेव्हा त्यांनी गलबत विकलं आणि धाकट्या दिनकरकडून शपथ घेतली, की दर्यावर पाय ठेवायचा नाही. पण खारं पाणी ज्याच्या रक्तात, त्याला शपथ कुठवर बांधणार? दिनकर बोटीवर चढला आणि नानांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचं नाव म्हणून तोंडात घेतलं नाही.

आणि इथं, सात समुद्रांपलीकडे, कोण नानांचं नाव घेतंय?

तो आवाजामागे चालत आला. माझी म्हातारी मला उंच धरून त्याच्या तोंडावर म्हणाली, "नानाला!" दिनकर मला बघतच राहिला. गावाकडे लावणीला बायका पावसात डोक्यावर घेतात ते इरलंच जणू कुणी धुऊन, उन्हात वाळवून ठेवलं होतं. त्यानं खिशातली चंदनी साबणाची वडी म्हातारीला दिली. तिनं ती हुंगली, डोळे मिटले आणि माझा फितीचा बंद त्याच्या हनुवटीखाली स्वतः बांधला. बोटीचा भोंगा होईपर्यंत तो मला घालून त्या लाल रस्त्यांवरून भटकला. जाताना पाकळ्या माझ्यावरही पडल्या.

कुवेतला घरी आलो, तर नाना तिथंच होते. दिनकरची बायको चारुशीला इस्पितळात नर्स. तिचे दिवस भरत आले, म्हणून तिच्या हट्टाखातर सासरे गावाहून आले होते. सुनेशी गोड, लेकाशी मुके. समोर लेक जेवतोय आणि हे म्हणायचे, "चारू, त्या बोटवाल्याला सांग, मीठ सरकवायला." मिठाची वाटी सरकायची, शब्द काही सरकायचा नाही. व्हिसा संपत आला होता. नाना असेच परत गेले तर पुन्हा गाठ पडायची की नाही, या काळजीनं दिनकर दिवस मोजायचा.

चारुशीलानं मला नानांपुढे ठेवून बाजारातली गोष्ट सांगितली. नानांनी मला उलटीपालटी केली, टाके बोटांनी चाचपले आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घालून समुद्रावर गेले. मग रोजच. किनाऱ्यावर लाकडी बूम उभे असत. पूर्वी असली गलबतं आपल्या कोकणात यायची म्हणे. त्यांच्याकडे बघत बसायचे आणि मधेच माझ्या काठाखालून स्वतःशी पुटपुटायचे, "नानाला म्हणे."

एका शुक्रवारी इद्रीस जेवायला आला. मला नानांच्या डोक्यावर बघून हसतच सुटला. "अरे, ही तर नॉन-ला! तिकडे या टोपीचं नावच नॉन-ला. बाजारात सगळ्या बाया हेच ओरडतात."

दिनकरचं तोंड इतकंसं झालं. चारुशीला इद्रीसकडे बघून डोळे मोठे करत होती, पण बाण सुटला होता. नानांनी मला डोक्यावरून काढलं, मांडीवर ठेवलं. आता मी खिडकीतून बाहेर जाणार, असं मी मनात धरलं.

नाना सुनेकडे वळले नाहीत. थेट लेकाकडे बघून म्हणाले, "म्हातारी काय ओरडली ते म्हातारी जाणे. तुला काय ऐकू आलं, दिन्या?"

दिनकर म्हणाला, "नानाला."

"मग झालं तर." नानांनी माझा काठ मुठीत धरला. "मला लाटेत हरी ऐकू येतो. लाट काय हरी म्हणते?"

त्यापुढे दोघं काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. दोघांच्या मधे चेपून मी वाकडी झाले होते. डावीकडची ती सुरकुती बघा, त्या दिवसाची आहे.

दिनकर पुढच्या फेरीला निघाला तेव्हा नानांनी मला त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि बंद आवळत म्हणाले, "डेकवर ऊन असतं. घालत जा."

पुढे नाना गावी गेले, आणि गावाहून देवाघरी. आता माझे टाके उसवले, कडी सुटली, म्हणून मला खिळा मिळाला. त्या वेळी पोटात होती ती रेखा आता शाळेत जाते. मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देते. परवा तिच्या मैत्रिणीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय?

रेखा म्हणाली, "दॅट्स अवर नानाला."

एवढ्या लांबून आलेलं माझं नाव या घरात टिकलं, बाबांनो. मला आणखी काही नको. फक्त एखाद्या शुक्रवारी मला खिळ्यावरून काढा आणि समुद्रावर न्या. घालू नका, नुसती हातात धरा. बूम उभे असतील तिथं, वाऱ्याला तोंड करून. लाटेत कोण कुणाला हाक मारतंय ते बघू.