चौथ्या ओळीतला सातवा

नवरा गेल्यानंतर आठव्या दिवशी मी कामावर हजर झाले. कामात मन रमेल, असं सगळेच म्हणाले होते. रमलं वगैरे काही नाही, पण घरी सासूबाईंसमोर बसण्यापेक्षा बरं होतं. अठरा वर्षांत त्यांनी माझ्या एका कामाला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आता मी दूध उतू घालवलं तरी म्हणायच्या, "असू दे गं, दमली असशील." माझ्या आत काहीच हलत नव्हतं. रडूसुद्धा येत नव्हतं. लोकांना वाटायचं मी खंबीर आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एन्झाइम घडवतात. आम्ही ज्या औषधावर काम करतो, त्याच्या रेणूची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी. औषधाला डावंच लागतं. नेहमीच्या पद्धतीने केलं की दोन्ही निम्मी-निम्मी होतात आणि निम्मा माल फेकून द्यावा लागतो. एन्झाइममध्ये थोडा इथे, थोडा तिथे बदल करत गेलं, तर एखादं असं हाती लागतं की जे फक्त डावंच बनवतं. म्हणून एकाच एन्झाइमचे पंच्याण्णव अवतार करायचे, तळहाताएवढ्या प्लेटवर आठ ओळींत बारा-बारा खळगे असतात, त्यांत एकेक घालायचा आणि प्लेट यंत्रात सरकवायची. डावं जितकं जास्त, तितका रंग गडद. यंत्र रंग मोजतं आणि आकड्यांचा कागद काढून देतं. प्लेट सरकवायचं काम माझं.

त्या आठव्या दिवशी चौथ्या ओळीतला सातवा खळगा सगळ्यांत गडद निघाला. साहेब दिवसभर शीळ घालत फिरले.

मग तो सातवा गाळणीकडे गेला. गाळणी माझी मैत्रीण. एन्झाइम शुद्ध करायचं काम तिचं, शिवाय तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणून तिला हे नाव पडलं. तिने एन्झाइम वाढवलं, शुद्ध केलं, तपासलं, तर डावं-उजवं पुन्हा निम्मं-निम्मं. तिने परत केलं. भांडी बदलून केलं, थंड खोलीत स्वेटर घालून केलं. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. "यंत्रात झकास चालतं आणि तुमच्या हाती आलं की बिघडतं," साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "हात तरी धुता ना?" चारचौघं हसली.

असे चार महिने गेले. माझ्या शेजारी बसून डबा खाताना अखंड बडबडणारी गाळणी गप्प राहू लागली. मला ते दिसत होतं. दिसत होतं, एवढंच.

एका गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं. "तिचा करार उद्या संपतोय. मी तो वाढवत नाहीये. वर दाखवायला, सातवा गडद निघाला त्या दिवशीचा मूळ कागद लागेल, तेवढा काढून ठेवा."

मी कागद काढला. खालच्या उजव्या कोपऱ्यातला शेवटचा खळगा आम्ही मुद्दाम रिकामा ठेवतो, त्यामुळे तिथे शून्य यायला हवं. या कागदावर ते शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात होतं.

मी प्लेट अर्धा फेरा फिरवून, उलट्या टोकाने सरकवली होती. म्हणजे कागदावरचा चौथ्या ओळीतला सातवा हा प्लेटवर पाचव्या ओळीतला सहावा होता, त्याला कोपरा लावून बसलेला शेजारी. गाळणीने चार महिने भलत्याच खळग्याची सेवा केली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती उद्या होणार होती, आणि चोर मी होते.

कागद फाडून टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. मला वाईट वाटायला हवं हे कळत होतं, पण वाटत नव्हतं. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले आणि सांगितलं.

त्यांनी बोटाने ओळी मोजल्या. मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. "त्या दिवसांत तुमची मनःस्थितीच... असू दे. होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "तिचा करार?"

"हो हो, वाढवू की."

फ्रीजरमधला पाचव्या ओळीतला सहावा बाहेर निघाला. पुढच्या आठवड्यात गाळणीनेच तो तपासला. शंभरातले नव्याण्णव डावे. साहेब पुन्हा शीळ घालू लागले. वर "चूक कबूल करायला धैर्य लागतं" म्हणून माझंच कौतुक झालं. मला ऐकवत नव्हतं, पण मी मान हलवत राहिले.

संध्याकाळी मी काचेची भांडी धूत होते. गाळणी आली. तो कागद तिने माझ्या नाकासमोर धरला.

"हे शून्य दिसलं नाही तुला? चार महिने? मी रात्र-रात्र हातांकडे बघत बसायचे. नवऱ्याला म्हणाले, माझे हातच वाईट असतील. आणि तू रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतीस!"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलं काय चुकलं! एकदा कागद बघायला काय धाड भरली होती? नवरा मेला म्हणून डोळेपण मेले का तुझे?"

मेला. चार महिन्यांत माझ्यासमोर हा शब्द कुणीच उच्चारला नव्हता. सगळे त्याला "तो प्रसंग" म्हणत होते, आणि प्रसंग काय, येतात आणि टळतात. मी नळ बंद केला.

"हो, मेला तो," मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला. ओल्या हातमोज्यांनी तोंड झाकून मी त्या मोरीपाशी खाली बसले आणि ओरडून रडले. पलीकडच्या खोलीतली माणसं दारापर्यंत येऊन परत गेली.

गाळणीने पाणी आणून दिलं नाही. पाठीवर हातही ठेवला नाही. "मी अजून चिडलेय हं तुझ्यावर," ती म्हणाली.

"चीड," मी म्हटलं, "खूप चीड."

ती समोरच्या स्टुलावर बसली आणि त्या चार महिन्यांचं सगळं पहिल्यापासून बोलायला लागली.